बेगमबी आणि चिंचेखालची विहीर

आमच्या गावची विहीर कुणी केली असं विचारलं, तर पुरुष छाती फुगवून "आम्ही, श्रमदानानं" असं सांगतात. सांगू देत. खोदली त्यांनीच, ते मी नाकारत नाही. पण ती आज जिथं आहे तिथं बेगमबींमुळं आहे, आणि हे सांगून ठेवल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

बेगमबी बांगड्या भरायच्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. मुरुमच्या बाजारातून माल आणायचा आणि डोक्यावर टोपली घेऊन गावात घरोघर फिरायचं, हा त्यांचा धंदा. अंगानं थोराड, आवाज घोगरा, तोंड पानानं सदा लाल. आम्हा सुनांना त्या काळी बोलायला जागा नव्हती. तोंड उघडलं की उद्धट ठरायचो. पण हात बेगमबींच्या हातात असला की घटकाभर कुणी हटकत नसे. त्या बोटं दाबत बांगडी वर सरकवायच्या आणि तेवढ्यात आम्ही मनातलं सगळं बोलून घ्यायचो. एका घरातलं दुसऱ्या घरात त्यांनी कधी नेलं नाही. गावात असं दुसरं माणूस मी पाहिलं नाही.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी गावाला विहीर मंजूर झाली. तोवर आम्ही ओढ्याच्या वाळूत खड्डा उकरून वाटीवाटीनं हंडा भरायचो. पाणी लागेल अशा दोन जागा सरकारी माणसांनी दाखवल्या. एक चावडीपुढं, दुसरी गावामागं चिंचेखाली. खोदायची कुठं ते गावानं ठरवायचं, अशी नवी पद्धत आली होती. आता गाव म्हणजे कोण, तर चावडीत बसलेले पुरुष! सरपंच आण्णासाहेब म्हणाले, विहीर चावडीपुढंच झाली पाहिजे, म्हणजे साहेब लोकांना जीपमधूनच दिसेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. पक्का ठराव तेवढा पुढच्या सभेत व्हायचा होता.

आमच्याकडं सून चावडीपुढून जात नसे. थोर माणसं तिथं बसलेली असायची, म्हणून आम्ही मागच्या बोळातून वळसा घालायचो. ही रीत प्रत्येक पुरुषाच्या घरातली. तरीही त्या विहिरीवर पाण्याला जाणार कोण, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

त्या दिवसांत जिथं टोपली उतरेल तिथं हाच विषय. शेवटी सभेच्या दिवशी बेगमबी स्वतःच चावडीवर जाऊन उभ्या राहिल्या. माझे मालक तिथं होते, त्यांनी घरी येऊन सगळं सांगितलं.

"आण्णासाहेब, हितं हीर झाली तर सुना पाण्याला यायच्या न्हाईत," बेगमबी म्हणाल्या. "चिंचंखाली करा. बायकांचं म्हननं हाय."

"कुठल्या बायका? नावं सांगा," आण्णासाहेब कडाडले.

नावं निघाली असती तर कितीजणींच्या पाठी सुजल्या असत्या, सांगता येत नाही.

बेगमबी म्हणाल्या, "नावं कशापायी पायजेत? म्याच म्हंते, समजा."

"मग आजपास्नं ह्या गावात कुठल्या घरी टोपली उतरवायची न्हाय."

त्यांचं पोट त्या टोपलीवर होतं. तरी एकही नाव न घेता त्या निघून गेल्या. त्या गोंधळात ठराव मात्र पुढच्या सभेवर गेला.

पहिल्या पेटल्या त्या माझ्या सासूबाई, कडूबाई. माझ्या प्रेमापोटी नव्हे हो! "सून चावडीम्होरं जायची न्हाय, म्हंजी हंडा माज्याच टकुऱ्यावर. आन त्या गरीब बाईला हाकलत्यात!" असं म्हणून त्यांनी गल्लीतल्या साऱ्या सासवा गोळा केल्या.

संक्रांत तोंडावर आली होती. आण्णासाहेबांनी मुरुमहून दुसरा बांगडीवाला बोलावला. एकीनं सांगितलं घट्ट होतात, दुसरीनं सांगितलं ढिल्या होतात. खुद्द आण्णासाहेबांच्या कस्तुराबाईंनी रंग आवडला नाही म्हणून दार लावून घेतलं. तुरीच्या काढणीत जुन्या बांगड्या फुटत होत्या, आणि सवाष्णींच्या मनगटाला नुसता दोरा राहिला होता. ताटात भाकरी वाढायला विधवेसारखा तोच हात पुढं यायचा. पुरुषांना घास गोड लागेना.

ग्रामसेवक शांतलिंग नवा, तरुण माणूस होता. त्यानं सांगितलं, ग्रामसभेत बायकांनाही हात वर करता येतो. त्या चावडीवर येत नसतील तर सभाच चिंचेखाली घेऊ. घरात कस्तुराबाईंनी धरलेल्या अबोल्यानं आण्णासाहेब मेटाकुटीला आले होते. ते हो म्हणाले.

सभेला एका अंगाला पुरुष बसले, दुसऱ्या अंगाला आम्ही, पदर पुढं ओढून. सासूबाईंनी बेगमबींना हाताला धरून आणलं आणि शेजारी बसवलं. शांतलिंगनं विचारलं, "विहीर इथं व्हावी असं कुणाकुणाला वाटतं?"

पहिला सासूबाईंचा हात वर गेला, मग कस्तुराबाईंचा, आणि मग भीत भीत आम्हा सगळ्यांचे. पदर कोपरापर्यंत घसरले आणि चिंचेखाली नुसती उघडी मनगटं दिसायला लागली. आण्णासाहेबांनी एकवार पाहिलं, मान खाली घातली आणि स्वतःचाही हात वर केला. माणूस तापट होता, पण त्या एका हातासाठी मी त्यांनाही दुवा देते.

दुसऱ्या दिवशी बेगमबींची टोपली आमच्या दारात उतरली. माझ्या हातात हिरव्या बांगड्या चढवत होत्या तेव्हा मी हळूच म्हणाले, "तुमी पोटावर पाय येऊ दिला, पर आमची नावं सांगितली न्हाईत."

त्या हसल्या. "म्या कशाला सांगू, बेटा? काल हात वर करून तुमीच सांगितली की."

बांगड्या भरून झाल्या की भरणारीला नमस्कार करायची आमच्याकडं रीत आहे. त्या दिवशी मी तो नुसती रीत म्हणून केला नाही.