गाडी निसटली त्याचा केक

दूर उत्तरेला, पास्विकच्या खोऱ्यात, बिर्गर ओपगोरला लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. पहिली, त्याने सव्वीस हिवाळे रस्त्यावरचा बर्फ काढायचा नांगर चालवला. दुसरी, चाळीस वर्षं कुत्र्यांची गाडी हाकून त्याच्या हातून ती एकदाही निसटली नाही. पहिली गोष्ट लोक सांगत, दुसरी तो स्वतः सांगे, आणि विचारायची वाट न पाहता सांगे.

गाडी निसटणं हे आमच्याकडे काही पाप नाही, सगळ्यांचं होतं. गाडी ओढणाऱ्या कुत्र्याच्या डोक्यात धावण्याखेरीज दुसरं काही नसतं. मागे मालक आहे की नाही, याचं त्याला सोयरसुतक नाही. पट्टे चढले, दोर सुटला, की तो निघाला. मालक पडला असेल तर पडला. असं झालं की त्या माणसाने स्वतःच्या हाताने केक करायचा आणि शनिवारी सकाळी आर्विदच्या दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर आणून ठेवायचा, असा दंडक आहे. बायकोने केलेला चालत नाही. लोक केक खातात आणि खाता खाता माणसालाही खातात.

या टेबलावरचा एकही केक बिर्गरने सोडला नव्हता. शाळेच्या मास्तरांची गाडी एका महिन्यात तिसऱ्यांदा निसटली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला होता, "यंदाचा केक फार हलका झालाय मास्तर. सरावाने किती फरक पडतो बघा." खुद्द आर्विदची कुत्री त्याला ओढ्यात टाकून थेट चर्चच्या दारात जाऊन बसली, तेव्हा म्हणाला, "घरात कोणीतरी देवभक्त आहे म्हणायचं." लोक हसत, आणि मनात म्हणत, कधीतरी तुझीही वेळ येईल रे बाबा. वेळ काही येत नव्हती.

पण वय आलं. बाहत्तरावं लागलं, डावा खुबा कुरकुरायला लागला. कुत्र्यांचं आवार पाच वर्षांपूर्वीच मुलीच्या, इंगविल्डच्या हाती गेलं होतं. एकतीस कुत्री, पैसे देऊन गाडीत बसायला येणाऱ्या पाहुण्यांच्या फेऱ्या, पशुवैद्य, सगळं ती बघे. बिर्गरकडे चालकाची जागा तेवढी उरली होती. वसंतात त्यावरूनही बोलणं निघालं.

"बाबा, सरळ सांगते," इंगविल्ड म्हणाली. "ज्या दिवशी तुझ्या हातून गाडी निसटेल, त्या दिवशी तू त्या जागेवरून उतरायचं. मग वाद नको."

"वाद कशाला? हा घे हात," बिर्गर म्हणाला आणि हात पुढे केला. खात्री असल्यावर माणूस काहीही कबूल करतो. पण त्या रात्री त्याला नीट झोप लागली नाही. ती जागा गेली की आपण म्हणजे खिडकीशी बसून कॉफी पिणारा एक म्हातारा, दुसरं काही नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याची त्याला मनातून भीती वाटत होती.

उन्हाळ्यात बर्फ नसला तरी पाहुणे असतात, आणि कुत्र्यांना धावल्याशिवाय चैन पडत नाही. मग चाकांची गाडी बाहेर निघते. पुढे पाहुण्याचं बाक, मागे चालकाची जागा आणि पायाखाली ब्रेक. ऊन मात्र कुत्र्यांचा वैरी. पंधरा अंशांच्या वर पारा गेला की गाडी बाहेर काढायची नाही, हा इंगविल्डचा नियम. म्हणून फेऱ्या पहाटे साडेपाचला. एकदा बिर्गरने तापमापक गोठ्याच्या भिंतीवरून काढून तळघराच्या दारात टांगला होता. दोन दिवस खोऱ्यात सगळीकडे उकाडा आणि यांच्या आवारात नऊ अंश. तिसऱ्या दिवशी इंगविल्डने तो मुकाट्याने जागेवर नेऊन खिळा ठोकला, आणि बाप-लेकीत त्यावर एक शब्दही झाला नाही.

जुलैच्या त्या मंगळवारी पहाटे तेरा अंश होते. पाहुणी एकच, तुरीड नावाची बाई, ऑस्लोत एकतीस वर्षं ट्राम चालवून निवृत्त झालेली. रुंद खांद्यांची, मोठ्या आवाजाची. बिर्गरने खुंटीवरून पहिला पट्टा काढला मात्र, आवारात एकच कल्लोळ उठला. एकतीसच्या एकतीस कुत्री आपापल्या खोपटांवर चढून 'मला घे, मला घे' करत होती.

"रोज एवढा गोंधळ?" तुरीडने ओरडून विचारलं.

"निवडून येईपर्यंत. मग आठ गप्प बसतात आणि तेवीस रडतात."

"आमच्या युनियनमध्ये असंच होतं," तुरीड म्हणाली.

बिर्गरला ती आवडली. त्याने टुस्साला सर्वांत पुढे लावलं. काळी, बारीक अंगाची, सहा वर्षांची ही कुत्री त्याचा आवाज अर्ध्या शब्दात ओळखायची. गाडी खांबाला बांधलेला दोर सोडला आणि कल्लोळ एकदम मागे पडला. आता नुसता चाकांचा आणि पावलांचा आवाज. रस्त्याकडेला बर्चची झाडं, त्यांच्यामधून तिरपं ऊन. तुरीड बाक घट्ट धरून बसली होती, आणि पहिल्या वळणापासूनच मोठ्याने हसत होती.

तीन किलोमीटरवर नदी. तिथे थांबायचं, गाडी झाडाला बांधायची, कुत्र्यांच्या कंबरेमागच्या ओढायच्या दोऱ्या सोडायच्या, म्हणजे त्यांना जोर लावता येत नाही, आणि त्यांना पाण्यात पडू द्यायचं. बिर्गरने सगळं रीतसर केलं. आठही कुत्री पोट टेकून पाण्यात बसली आणि लपलप पाणी पिऊ लागली. त्यांना बघून बिर्गरलाही मोह झाला. त्याने बूट-मोजे काढले, विजार वर गुंडाळली आणि गुडघ्यापर्यंत नदीत जाऊन उभा राहिला. खुब्याला बरं वाटलं. बरं वाटलं की त्याची जीभ सुटायची.

"चाळीस वर्षं," तो पाण्यातून म्हणाला. "एकदाही गाडी निसटली नाही. या खोऱ्यात असा दुसरा माणूस नाही."

"एकदाही नाही? माझी ट्राम दोनदा रुळावरून उतरली."

"तुमचे रूळ वाकडे असतील. इथे काय, डोकं ठिकाणावर पाहिजे, बस्स."

असं म्हणत तो बाहेर आला, अनवाणीच कुत्र्यांकडे गेला आणि एकेकाच्या दोऱ्या पुन्हा अडकवल्या. तुरीड बाकावर बसली. आता बूट घालायचे, जागेवर चढायचं, ब्रेकवर पाय ठेवायचा आणि मग झाडाचा दोर सोडायचा. हा क्रम तो झोपेतसुद्धा सांगू शकला असता. पण मास्तरांच्या तिसऱ्या केकची गोष्ट अर्ध्यात होती आणि तुरीड हसत होती. हसणारं माणूस समोर असलं की बिर्गरचं भान सुटतं. त्याने बोलता बोलता दोर सोडला आणि बूट आणायला वळला. बूट चार पावलांवर होते.

दुसऱ्या पावलाला गाडी गेली.

तो धावला. अनवाणी, खडीवरून, बाहत्तर वर्षांचा माणूस. "टुस्सा, थांब, टुस्सा," असं ओरडत पन्नास पावलं गेला असेल. टुस्साने थांबायचं काही कारण नव्हतं, ती गार झाली होती आणि घराच्या रस्त्याला लागली होती. तुरीडचा गळपट्टा वळणावर एकदा दिसला आणि मग नुसती धूळ. बिर्गर लंगडत परत आला, बूट चढवले आणि चालू लागला.

त्या वाटेवर त्याला जागा आठवली नाही, केक आठवला नाही, खुबासुद्धा आठवला नाही. त्याला वाटेतल्या गिरणीजवळचा खड्डा दिसत होता आणि त्यात उलटलेली गाडी. ती बाई कोण, कुठली, आपल्या भरवशावर बसली होती. इंगविल्डने अट घातली ती आपला मान काढून घ्यायला नव्हे, पुढच्या बाकावर माणूस बसलेलं असतं म्हणून, हे त्याला तेव्हा उमगलं. इतकं साधं कळायला इतका उशीर झाला याची त्याला लाज वाटली. डास चावत होते, ते हाकलायचंही त्याला सुचलं नाही.

पूर्वी दुधाच्या बरण्या ठेवायच्या त्या जुन्या ओट्याशी, आवारापासून एक वळण अलीकडे, गाडी उभी होती. ओट्याच्या खांबाला दोर पक्का बांधलेला. कुत्री सावलीत जीभ काढून पसरली होती. चालकाच्या जागेवर, ब्रेकवर दोन्ही पाय ठेवून, तुरीड बसली होती.

"उशीर केलात," ती म्हणाली.

बिर्गर ओट्याच्या कडेला बसला. त्याने तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "लागलं का कुठे?"

"मला? बाकावरून मागे चढताना विजार फाटली, एवढंच. ब्रेक तो ब्रेक, मग पुढे वीज असो की कुत्री." मग ती जरा खाली वाकली. "मी मुद्दाम इथे थांबले. इथून घर दिसत नाही. तुम्ही चढा, मी पुढे बसते. माझ्या तोंडून काही निघायचं नाही."

तो चढला. खोटं कशाला सांगू, लगेच चढला. आवारात गाडी शिरली तेव्हा इंगविल्डने पाण्याच्या बादल्या आणल्या, घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "इतका वेळ?"

"नदीवर छान वाटत होतं," तुरीड म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

पुढचे तीन दिवस बिर्गर इतका गप्प होता की इंगविल्डने त्याला ताप आहे का ते पाहिलं. शुक्रवारी जेवताना तिने तळलेला मासा त्याच्या ताटात वाढला आणि म्हणाली, "बाबा, वसंतात मी उगाच बोलले. अजून तुझ्यासारखी गाडी कोणाला जमत नाही. हिवाळ्यातही तूच चालव." त्याला हेच हवं होतं, वसंतापासून हेच हवं होतं. त्याने मासा ताटात तसाच ठेवला. बटाटाही तसाच ठेवला.

शनिवारी सकाळी इंगविल्ड कुत्र्यांना खाणं घालायला गेली, तशी त्याने भट्टी पेटवली. आयुष्यात केक केला नव्हता. लोकांचे केक चाळीस वर्षं तपासले होते, त्यामुळे चुकतं कुठे हे माहीत होतं. बरोबर कसं करायचं, ते मात्र कोणी सांगितलं नव्हतं. वरून जळला, मधून बसला. त्याने वर साय थापली आणि तसाच दुकानात नेला.

टेबलाशी आर्विद होता, मास्तर होते, आणखी चार जण होते. केक टेबलावर आला आणि सगळी बोलणी थांबली.

"कोणाचा आहे?" मास्तरांनी विचारलं.

"माझा," बिर्गर म्हणाला. "मंगळवारी. नदीवर. पाहुणी गाडीत होती."

कोणी हसलं नाही. आर्विदने सुरी आणली, केक कापला, एक तुकडा तोंडात टाकला आणि कितीतरी वेळ चावत राहिला. "चाळीस वर्षं वाट पाहिली," तो शेवटी म्हणाला. "काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. आता एक शब्द आठवत नाही."

"मला आठवतोय," मास्तर म्हणाले. "बिर्गर, केक फार जड झालाय. तुला सराव कमी पडतो."

मग मात्र टेबल हादरलं. बिर्गरही हसला, डोळे पुसत हसला. तेवढ्यात दूध न्यायला आलेली इंगविल्ड दारात उभी राहिली. तिला टेबलावरचा केक दिसला, बापाचा चेहरा दिसला, आणि कोणी काही सांगायची गरज पडली नाही. ती आली, उभ्यानेच एक तुकडा घेतला आणि पूर्ण खाल्ला.

"पाहुणीला लागलं?"

"नाही."

"कुत्र्यांना?"

"नाही."

"उद्यापासून मागे मी," ती म्हणाली. तो फक्त "हो" म्हणाला.

रविवारी पहाटे अकरा अंश होते आणि पाहुणा कोणी नव्हता. इंगविल्ड मागे चढली आणि तिने बोटाने पुढचं बाक दाखवलं. त्या बाकावर बिर्गर आयुष्यात बसला नव्हता. ते भलतंच खाली होतं, मातीचे शिंतोडे थेट तोंडावर येत होते, आणि प्रत्येक दगड खुब्याला कळत होता. त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता.

"पाय सैल सोड, बाबा."

"सैलच आहे."

वाट जिथे फुटते तिथे टुस्साने रोजच्यासारखी मान वळवली आणि मागे पाहिलं. त्याच्याकडे नाही, त्याच्या डोक्यावरून, चालकाकडे. बिर्गरला गलबलून आलं. तसंच व्हायला हवं होतं, तिला तसंच शिकवलं होतं. त्याने खाली मान घातली. मागून मात्र डावं की उजवं, असा हुकूम काही आला नाही. कुत्री घोटाळली, गाडी मंदावली.

"काय झालं?" त्याने न वळता विचारलं.

"ब्रेक माझा, बाबा," इंगविल्ड म्हणाली. "तोंड तुझंच राहू दे. नाहीतरी ते बंद राहत नाही."

बिर्गरने घसा साफ केला. मग मान वर केली.

"टुस्सा, डावीकडे."

आठही कुत्री डावीकडे वळली.