काटामिस्त्री

आमच्या भाऊजींना गॅरेजच्या गल्लीत सगळे काटामिस्त्री म्हणतात. स्वभाव काटेरी म्हणून नव्हे, तसा तो आहेच. पण नाव पडलं ते हातामुळे. जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या पुढच्या ॲक्सलला दोन्ही टोकांना एकेक सांधा असतो, त्यावर चाक वळतं. तो किती घट्ट बसवायचा हे पातळ पत्र्याच्या चकत्यांवर, म्हणजे शिमवर ठरतं. गाडीसोबतचं पुस्तक सांगतं, स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून सांधा ओढून बघा. भाऊजी पुस्तकाला कधी विचारत नसत. सांधा हाताने एकदा फिरवायचे आणि म्हणायचे, एक चकती काढ. तीस वर्षांत त्यांचं माप चुकलं नव्हतं, आणि हे ते न विचारता सांगत.

मी त्यांचा मेहुणा, आरोग्य केंद्राच्या गाडीचा ड्रायव्हर. माझी थोरली बहीण, म्हणजे त्यांची बायको, त्याच केंद्रात नर्स आहे. दर मंगळवारी मी ताईला डोंगरावरच्या वस्त्यांवर नेतो. रस्त्याच्या एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. गाडी वयाने माझ्यापेक्षा थोडीच लहान. गेल्या महिन्यात पुढच्या चाकांमधून तेल गळायला लागलं, तेव्हा भाऊजींनी ॲक्सल पूर्ण उतरवला. पाच दिवस खपून सगळे भाग रॉकेलमध्ये धुतले, बेअरिंग आणि ऑइल सील नवे घातले. त्यांच्या कामात बोट ठेवायला जागा नव्हती.

सोमवारी सकाळी मी गाडी बाहेर काढली. वेगाचा काटा पन्नासवर गेला आणि स्टीअरिंग असं थरथरायला लागलं की माझे दात वाजले. मी परत आलो. भाऊजी म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं, तुला गाडी धरता येत नाही. मी मूळचा तापट, पण बहिणीचा नवरा म्हणून गिळलं. त्यांनी सांधे पुन्हा उघडले, चकत्या काढल्या. आता स्टीअरिंग इतकं जड झालं की वळण संपलं तरी चाकं सरळ होईनात. तिसऱ्यांदा बांधलं तर पुन्हा थरथर. ते चौथ्यांदा सांधा उघडून बसले, तेव्हा मात्र मी तोंड उघडणार होतो. तेवढ्यात त्यांच्या हातातल्या ग्रीसकडे लक्ष गेलं. ते लाल होत होतं.

"भाऊजी, अंगठा."

चकतीच्या कडेने अंगठा चांगलाच चिरला होता, आणि ते शांतपणे सांधा फिरवत होते. त्यांनी खाली पाहिलं, चिंधी गुंडाळली आणि म्हणाले, "लागलंच नाही."

माझा राग जिथल्या तिथे विरला. त्यांना खरंच लागलं नव्हतं. ज्या हाताला चकतीभर फरक कळायचा, त्याला आता चिरलेलंही कळत नव्हतं. आणि उद्या मंगळवार होता. त्या हाताने बांधलेल्या गाडीतून ताई घाट चढणार होती.

मी तडक केंद्रात गेलो आणि ताईला सांगितलं. ती जराही चपापली नाही. म्हणाली, वर्षभर शर्टाची बटणं खाली बघून लावतात. एकदा तापलेलं पातेलं हाताने उचललं आणि जळल्याचा वास आल्यावर सोडलं. तपासणीचं दोनदा सुचवलं, तर दोन्ही वेळा अख्खा दिवस अबोला. एवढं बोलून तिने भिंतीवरचा वजनकाटा काढला. गोल तबकडीचा, झोळीत घालून तान्ही बाळं तोलायचा.

गॅरेजमध्ये आल्यावर तिने अंगठ्याचं नावही काढलं नाही. म्हणाली, "अहो, हा काटा हल्ली कमी दाखवतो असं वाटतं. जरा बघता?"

माझी ताई इतकं सफाईने खोटं बोलू शकते हे मला चाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं. भाऊजींनी काट्याला दोन किलोचा हातोडा लटकवला. काटा बरोबर दोनवर थांबला. ठीक आहे की, ते म्हणाले. ताई म्हणाली, मग एकदा त्या सांध्यालाही लावून बघा, बाळांना चालतो तर ॲक्सललाही चालेल.

भाऊजींनी काटा खाली ठेवला आणि आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. भांडण होणार म्हणून मी उगाच पाना पुसत बसलो.

"बोटांना आता कळत नाही गं," ते म्हणाले.

"मला माहीत आहे. तुम्ही सांगायची वाट बघत होते."

काट्याने काटा काढावा म्हणतात, तो असा. भाऊजींनी आकडी सांध्याच्या दांड्याला अडकवून हळूच ओढली. एक बाजू किलोभरातच हलली, दुसरीला नऊ किलो लागले. पुस्तकात तीन ते पाच लिहिलेलं. भाऊजी सांगत गेले, मी चकत्या घालत-काढत गेलो, ताई तबकडी वाचत गेली. शेवटी दोन्ही बाजू एकाच आकड्यावर आल्या.

"साडेतीन," ताई सवयीने म्हणाली, "बाळ छान आहे."

पाच दिवसांत पहिल्यांदा भाऊजी हसले.

संध्याकाळच्या आत मी गाडी पुन्हा बाहेर काढली. पन्नास, साठ, सत्तर. एका बोटाने धरलं तरी स्टीअरिंग गप्प. वळण संपलं की चाकं आपसूक सरळ. मला इतकं हलकं वाटलं की एकटाच मोठ्याने गायला लागलो, आणि माझा आवाज ऐकून कोणी लिफ्ट मागितली नाही.

परत आलो तर भाऊजी साबणाने हात धुऊन स्टुलावर बसले होते. माझ्याकडे पाहून त्यांनी फक्त भुवया उचलल्या. मी मान डोलावली. तेव्हा त्यांनी दोन्ही हात ताईसमोर धरले.

"गाडी झाली. आता हे तपास."

ताईने त्यांना डोळे मिटायला लावले, कापसाची वात केली आणि करंगळीपासून सुरुवात केली. प्रत्येक बोटाला भाऊजी म्हणाले, नाही कळलं. अंदाजाने एकदाही उत्तर दिलं नाही. तळहाताच्या मध्यावर कापूस टेकला तेव्हा मात्र ते थांबले.

"इथे कळलं."

ताईने कापूस बाजूला ठेवला आणि तिथे आपला हात ठेवला. म्हणाली, उद्या वस्त्यांवरून आले की डॉक्टरांकडे जाऊ. भाऊजी बरं म्हणाले.