ब्रसेल्सच्या नोकरीवर पिनरमधली सभा

मुलीला ब्रसेल्सहून नोकरीचं बोलावणं आलं आणि आमच्या घरातली झोप उडाली. म्हणजे माझी. आमची ही, म्हणजे बायको, व्यवस्थित झोपत होती. मी भूलतज्ज्ञ, आयुष्यभर दुसऱ्यांना झोपवत आलो, पण त्या आठवड्यात रोज पहाटे जिना चढत-उतरत होतो. पोरगी अर्थशास्त्र शिकलेली, युरोपच्या होऊ घातलेल्या एकाच चलनावर काम करायला निघालेली. सोमवारी होकार-नकार कळवायचा होता.

सरळ "जाऊ नकोस" म्हणायची सोय नव्हती. स्वतः आई-वडिलांना पुण्यात ठेवून एडिनबराच्या हॉस्पिटलात आलेला माणूस कोणत्या तोंडाने म्हणणार? तेव्हा मी सभ्य मार्ग काढला. लंडनच्या कडेला पिनरमध्ये आम्ही राहतो, तिथल्या मराठी मंडळातर्फे रविवारी चर्चासत्र ठेवलं: 'युरोप : किती जवळ, किती लांब?' मुलीला म्हटलं, "ये ऐकायला. दोन्ही बाजू कळतील."

"बाबा, तुला एकच बाजू कळवायचीय," ती म्हणाली.

विरोधात बोलायला आमचे सर होते. नामांकित सर्जन, रिटायरमेंटला आलेले, ब्रसेल्सच्या युरोपीय कारभाराचं नाव काढलं की लालबुंद होणारे. बाजूने बोलायला लंडनच्या दुसऱ्या टोकाच्या इल्फर्डचा एक तरुण डॉक्टर तयार झाला होता. चर्चचा हॉल घेतला, बटाटेवडे तळले, आणि मीच अध्यक्ष झालो.

सर बोलले. पाउंड गेला तर आपली तिजोरी दुसऱ्याच्या हातात, आपण मत दिलं नाही ती माणसं आपले कायदे करणार, वगैरे. छान बोलले. माझ्या जिवाला जरा थंडावा मिळाला. मग इल्फर्डचा डॉक्टर उठला, टाय नीट केला आणि म्हणाला, "सरांनी सगळं कव्हर केलंच आहे. मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे." आणि बसला!

मी सभेला विचारलं, आणखी कोणी? एकजण उठला, सहमत. दुसरा उठला, तोही सहमत. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्या हॉलमधला निम्मा पुरुषवर्ग कधी ना कधी सरांच्या हाताखाली राबला होता, आणि उरलेल्यांना नोकरीसाठी त्यांचा रेफरन्स हवा होता. ते काय वाद घालणार!

हॉलच्या किचनच्या खिडकीतून ही म्हणाली, "अहो, ही चर्चा आहे की वॉर्ड राउंड?"

हॉल हसला. सर हसले नाहीत. आणि तेवढ्यात आमची पोरगी उभी राहिली.

"काका, तुम्ही म्हणता ते लोक आपल्याला विचारत नाहीत. पण आपण तिथे गेलोच नाही तर कोणाला विचारणार?"

"आणि तिजोरी?" सरांनी भुवया उंचावल्या.

"ते बरोबर असेल. मला भीती वाटते त्याची. एका देशाला स्वस्त कर्ज हवं, दुसऱ्याला महाग, बँक मात्र एकच. माझं काम तेच असणार आहे."

सर पुढे सरकून बसले. "मग बेकारी वाढली तर? बोल!" ती बोलली. ते अडवत गेले, ती अडखळत, इंग्रजीत घसरत, पुन्हा मराठीवर येत भांडत राहिली. वडे गार झाले. मी इतक्या वर्षांत सरांना एवढं खुशीत पाहिलं नव्हतं. मला मात्र खुर्ची टोचत होती.

शेवटी सर माझ्याकडे वळले. "अध्यक्ष महाराज, तुमचं मत?"

"अध्यक्षाला मत नसतं," मी म्हणालो.

"बापाला असतं ना?" खिडकीतून आवाज आला.

पोरगी माझ्याकडे बघत होती. मघाशी सरांना न घाबरलेली मुलगी आता ओढणीचं टोक पिळत होती.

"सोमवारी सकाळीच फोन कर त्यांना," मी म्हणालो. "हो म्हणून."

टाळ्या झाल्या बहुतेक. मी उठलो आणि खुर्च्या रचायला लागलो.

"अहो," ही ओरडली, "लोक बसलेत अजून त्यांच्यावर!"