गळ्यातला पास

माझा मामा न्हावी. जगावर हुकूम चालवणाऱ्या परक्या फौजेच्या तळावर तो वीस वर्षं दाढ्या करत होता. गळ्यात त्यांचा पास, आणि तोरा असा की जणू ती फौज यानेच आणलीय! झोपतानाही तो पास काढायचा नाही.

एका सकाळी तळ ओस पडला. न सांगता पळाले भेकड! मामा मात्र नेहमीसारखा पेटी घेऊन फाटकाशी हजर. आत लुटालूट चालली होती. पास दिसताच लोक त्याच्यावर तुटून पडले. आमच्याच गल्लीतल्या खाटकाने त्याचा हात दगडावर दाबला आणि लोखंडी कांबीने बोटं ठेचली. मामा ओरडत होता, "साहेब परत येतील, मग बघतो एकेकाला!" कुठले साहेब अन् काय!

महिन्याभरात दुसऱ्या देशाची फौज आली. मामाची बोटं वाकडीच जुळली, तरी त्याने गल्लीत खुर्ची मांडली. परवा तोच खाटीक निर्लज्जासारखा त्या खुर्चीत येऊन बसला. नव्या फौजेला मटण पुरवायचं काम त्याला मिळालं होतं. गळ्यात कोरा करकरीत पास.

मामाने वाकड्या बोटांनी वस्तरा त्याच्या नरड्यावर टेकवला. खाटकाच्या तोंडचं पाणी पळालं.

मामाने दुसऱ्या हाताने तो पास उचलून त्याच्या शर्टात सारला.

"आत ठेव," तो म्हणाला. "हेही एक दिवस पळतील. लोक आधी गळाच बघतात."