ताईचा फ्लेक्स

"बाई मेल्यावरच पुस्तकात का येती?" मी ताईच्या ऑफिसात विचारलं होतं. ताई हसली, तिची मैत्रीण नसरीनआपा स्क्रीनकडे बघत राहिली, मोठ्या मॅडमनी चहा सांगितला. आता ताईच गेली. महिनाही झाला नाही, आणि त्या खोलीतले किस्से न बोलावता येऊन बसतात.

त्यांचं काम असं: थोर स्त्रियांच्या चरित्रांची जुनी पुस्तकं गोळा करायची, पानापानाचा फोटो काढायचा, मजकूर कम्प्युटरला द्यायचा. मग कुठल्या बाईबद्दल काय लिहिलं, काय गाळलं, ते शोधायचं. मी नववी नापास, जालन्यात गाड्यांना रंग मारतो. सुट्टीला पानं धरायला जायचो.

एकदा प्रत्येक फोटोत रंगानं माखलेला अंगठा निघाला. "ये कौन बाई है रे, हर पन्ने पे?" आपानं विचारलं. ताई म्हणाली, माझाच आहे. सगळ्यांनी आधी तिचा हात पाहिला, मग माझा. मी खिशात घातला.

एकदा त्यांनी कम्प्युटरला विचारलं, बायांच्या आसपास कोणता शब्द सगळ्यात जास्त येतो. आला 'पती'. आपा म्हणाली, "बाई हुडकाया गेलो, तर नवराच घरी."

पिंपळगाव रेणुकाईहून ताईला बघायला पाहुणे आल्ते. मुलगी काय करते, त्यांनी विचारलं. मी घाईनं 'टायपिंग' म्हणालो. ताईनं पोह्यांच्या प्लेटा ठेवत दुरुस्त केलं, "मेलेल्या बायांची चौकशी करून राह्यले." पाहुणे परत फिरकले नाहीत. ती दिवसभर हसत होती. मी ओट्यावर तोंड लपवून.

मग कावीळ झाली, आणि ती गेली. मी कुणाला न विचारता मस्तगडच्या चौकात श्रद्धांजलीचा भलामोठा फ्लेक्स लावला. आपा आणि मॅडम बघायला आल्या. वर रांगेनं माझे दोस्त, मधे गॉगल घातलेला मी, कोपऱ्यात ताई. खाली लिहिलेलं, 'सचिनभाऊ यांच्या भगिनी'.

आपा हळूच म्हणाली, "सच्या, हिनं काय केलं, ते कुठंय रे?"

मला वर बघवेना.

गॅरेजातून शिडी, ब्रश आणि पांढऱ्या-काळ्या रंगाचे डबे आणले. दोस्तांवर पांढरा फिरवला, 'भगिनी'वर फिरवला, माझ्या गॉगलवर दोन हात मारले. त्या दोस्तांतलाच बंट्या खालून ओरडून राह्यला होता, "अबे, माझा तरी ठेव की!" ताईचा कोपरा तेवढा सोडला.

रंग सुकल्यावर ब्रश काळ्या रंगात बुडवून आपाला दिला. "आता तुमी लिवा. जागा बक्कळ हाय."

तिनं ओढणी कमरेला बांधली आणि चढली. मी खाली शिडी धरली.