आवर्तनं चालू असताना काका कुठे होते

माझा स्वभाव संशयी आहे. दुधाच्या गॅलनवरची तारीखसुद्धा मी दुकानात एकदा आणि घरी एकदा वाचते.

नव्वदच्या दशकात आम्ही अमेरिकेत, पिस्कॅटवेला राहत होतो. आमच्या तळघरातल्या खोलीत युनिव्हर्सिटीत शिकणारी नागपूरची एक मुलगी भाड्यानं राहायची. तिथल्या मराठी मंडळातल्या एका वजनदार काकांवर तिनं बलात्काराची फिर्याद केली. मी आधी तिच्यावर संशय घेतला, मग काकांवर, आणि खटला उभा राहिल्यावर सगळ्यांवरच. तरी तिला रोज कोर्टात मीच नेत होते आणि मागच्या बाकावर बसत होते.

तिचं म्हणणं साधं होतं. मंडळाच्या गणपतीत अथर्वशीर्षाची आवर्तनं चालू असताना काकांनी तिला प्लेट्स आणायला म्हणून जवळच्याच आपल्या घरी नेलं. घरात कुणी नव्हतं. परत आल्यावर ती गप्प राहिली आणि काही आठवड्यांनी युनिव्हर्सिटीतल्या समुपदेशक बाईंजवळ बोलली. काकांचं म्हणणं त्याहून साधं: मी शेवटच्या आवर्तनापर्यंत हॉलमध्येच होतो.

काकांच्या वकिलानं तिला सोलून काढलं. ओरडली का नाहीस? लगेच पोलिसांकडे का गेली नाहीस? मग त्यानं विचारलं, "त्याच संध्याकाळी तू याच माणसाच्या हातून मिठाई घेऊन खाल्लीस, खरं ना?"

"प्रसाद होता," ती म्हणाली. "प्रसादाला नाही म्हणत नाहीत."

ज्यूरीतल्या एका बाईनं भुवया उंचावल्या. मला तिचा भयंकर राग आला. वैऱ्यानं पुढे केलेला प्रसादही आमच्याकडे कपाळाला लावून घेतात, हे तिला कोण सांगणार?

मग मंडळाचे साक्षीदार आले. सगळे एकाच व्हॅनमधून उतरले, आणि "शेवटच्या आवर्तनापर्यंत" हे शब्द सगळ्यांच्या तोंडी जसेच्या तसे. चोर चोर मावसभाऊ, मी मनात म्हटलं. पण मुलाकडे राहायला आलेल्या एका आजींवर माझाही संशय चालेना. आजी कधी खोटं बोलायच्या नाहीत, हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं. "काका आमच्या शेजारच्याच रांगेत बसले होते," आजी दुभाष्यामार्फत म्हणाल्या. ज्यूरी मान डोलावत ऐकत होती.

मधल्या सुट्टीत सरकारी वकीलबाईंनी मला गाठलं. हे पठण नक्की करतात कसं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

सुट्टीनंतर त्यांनी आजींना विचारलं, "म्हणताना तुमचे डोळे उघडे होते?"

आजी दुखावल्या. "अहो, डोळे उघडे ठेवून कुणी अथर्वशीर्ष म्हणतं का? मी एकदा मिटले की संपेपर्यंत उघडत नाही."

ज्यूरीला इंग्रजीत कळायच्या आत ते आमच्या बाकांवर कळलं होतं. मला आजींची दया आली.

"मग ते तिथं होते हे कशावरून?"

"ते दरवर्षी असतातच की."

न्यायाधीशांनी ज्यूरीला समजावलं की आपण दुसरीकडे होतो हे आरोपीनं सिद्ध करायचं नसतं, गुन्हा सरकारनं सिद्ध करायचा असतो. आणि मुलीचं सांगणं निःशंकपणे पटलं, तर तेवढंही पुरेसं आहे. ज्यूरीनं काकांना दोषी ठरवलं.

पार्किंगमध्ये मी गाडीचं दार उघडलं, तरी ती आत बसेना.

"मावशी, त्यांनी मला बिलीव्ह केलं, की फक्त आजींना नाही केलं?"

"तुलाच केलं," मी ठासून म्हटलं. खरं म्हणजे मला ठाऊक नव्हतं. ज्यूरी कारणं सांगत नाही.

तिनं माझा चेहरा नीट न्याहाळला. मी खोटं बोलतेय का, ते बघत होती. आमच्याकडे राहायला आली तेव्हा ही मुलगी कुणीही काहीही सांगितलं तरी खरं मानायची.