सुलभाताईंचं लॉगिन

सर्व्हरची मेमरी भरली की तो निदान कुरकुर तरी करतो. ऑफिसातले किस्से मात्र गुपचूप साचत जातात आणि चहाला जरा निवांत बसलं की एकदम बाहेर पडतात! आमचं ऑफिस नौपाड्यात, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. माणसं तीनच. प्रधान सर मालक, सिद्धार्थ प्रोग्रॅम लिहिणारा आणि मी गिऱ्हाइकांचे फोन घेणारी. म्हणजे बोलणी खायचं खातं माझ्याकडे.

सरांचा एकच कडक नियम. "'अवघड आहे' हे शब्द या ऑफिसात चालणार नाहीत. चूक सापडली की त्याच दिवशी दुरुस्त!"

सिद्धार्थ एकदा चुकून तसं बोलला, तर सरांनी त्याला भर उन्हात आमच्यासाठी मिसळ आणायला पिटाळलं. तेव्हापासून तो म्हणतो, "सर, हे थोडं इंटरेस्टिंग आहे."

* * *

आमचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे डोंबिवलीचं एक महिला मंडळ. या बायका फराळ करतात आणि ऑर्डरी आम्ही करून दिलेल्या वेबसाइटवर घेतात. पहिल्या दिवशी सर त्यांना सेशन म्हणजे काय ते समजावत होते.

"देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो ना? तसंच हे. तुम्ही लॉगिन केलंत की सर्व्हर तुम्हाला एक बिल्ला देतो आणि तुमचं सामान आपल्या फळीवर ठेवतो. काम झालं की लॉगआउट करायचं, म्हणजे बिल्ला परत. नाहीतर फळी भरून जाईल."

मंडळाच्या अध्यक्ष सुलभाताई नेने पुढेच बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी नाही हो परत करणार. रोज उठून कोण रांगेत उभं राहील? माझा बिल्ला माझ्या पर्समध्ये!"

सगळं मंडळ हसलं. सरांनी पाणी मागितलं.

* * *

तरी सरांनी वीस मिनिटांचा टाइमआउट लावलाच. वीस मिनिटं हात लागला नाही की माणूस आपोआप बाहेर. दुसऱ्याच दिवशी मंडळातल्या एका मावशींचा फोन.

"अगं पोरी, चकल्या तलून आयली, तं यो मना ईचारतंय, तू कोन!"

मी म्हटलं, "मावशी, पुन्हा पासवर्ड टाका."

"हाताला पीठ हाय! आनि मी कोन ते याला सकाली सांगलं व्हतं ना?"

फोन स्पीकरवर होता. सर म्हणाले, "सिद्धार्थ, काढ तो टाइमआउट. बसू देत सगळ्यांना आत."

* * *

मग व्हायचं तेच झालं. कुणी बाहेर पडेना, फळी भरली, सर्व्हर रखडायला लागला. तो बंद करून पुन्हा चालू करायचा, म्हणजे सगळेच बाहेर फेकले जाणार. सिद्धार्थ खुर्चीवरून उठायचा, शेअर रिक्षावाल्यासारखा ओरडायचा, "चला, उतरा रे सगळे!" आणि मी एकेकीला फोन लावायची.

एकदा सगळे उतरले आणि पाचच मिनिटांत सर दबक्या आवाजात त्याच्याजवळ आले. "अरे, माझा पासवर्ड तुला माहीत आहे का?"

लॉगआउट करा म्हणून सगळ्यांना सांगणारा हा माणूस स्वतः कधीच बाहेर पडला नव्हता! त्याच दिवशी सिद्धार्थने सगळी सेशन डिस्कवर जपून ठेवायची सोय केली. आता रीस्टार्ट केला तरी माणूस आतच.

* * *

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सुलभाताई गेल्या. अचानक. मंडळाच्या ऑर्डरी त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर यायच्या, ते काम त्यांच्या यजमानांनी, नेनेकाकांनी, अंगावर घेतलं. मी त्यांना त्यांच्या नावाचं वेगळं लॉगिन करून दिलं. त्यांनी ते वापरलंच नाही. मी दोनदा आठवण केली. काका म्हणाले, "बघतो, बघतो." मला वाटलं, म्हातारा हट्टी आहे.

दिवाळीच्या तोंडावर सर्व्हर पुन्हा अडला. बायकांच्या ऑर्डरी येईनात. सिद्धार्थ डोंबिवलीच्या पुढे मोहन्याला राहतो, म्हणून घरी जाता जाता मध्ये उतरून, तिथे काय दिसतंय ते बघायला काकांकडे डोकावला. सकाळी आला तो बॅग खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीत बसला.

"काय झालं रे?"

"काका कॉम्प्युटर बंदच नाय करत. स्क्रीनवर वर लिहिलेलं येतं ना, 'नमस्कार, सुलभाताई', तेवढ्यासाठी. पासवर्ड काकूंनी कुणालाच सांगितलेला नाय. म्हणे, एकदा बाहेर पडलो की संपलं."

"तू काय बोललास?"

"त्यांनी विचारलं, सर्व्हर का अडतो. मी आपलं ते चप्पल स्टँडचं सांगितलं."

दुपारी काकांचा फोन आला. आवाज अगदी शांत.

"बाळ, सिद्धार्थला सांग, मी ते बाहेर पडायचं बटण दाबलं. हिचा बिल्ला परत केला. मंडळाचं काम हिच्यामुळे अडलेलं हिला चाललं नसतं. आता झाली ना जागा?"

सिद्धार्थने बघितलं. त्या एका सेशनने मोकळी झालेली जागा नसल्यातच जमा होती. खरी अडगळ आमच्याच जुन्या चाचण्यांची होती. मी "हो काका, झाली" म्हटलं, फोन ठेवला आणि मला रडू आवरेना.

सरांनी सिद्धार्थला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले. त्यांना कोड लिहिताना मी पहिल्यांदाच बघत होते. अडगळ साफ झाली, सर्व्हर सुरळीत चालू लागला, बायकांच्या ऑर्डरी धडाधड यायला लागल्या. तरी सर संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काका. फोन सरांनीच घेतला, स्पीकरवर.

"प्रधान, तुमच्या वेबसाइटमध्ये काहीतरी चूक झाली आहे हो."

"काय झालं, काका?"

"मी माझ्या नावाने लॉगिन केलं. माझाच पासवर्ड टाकला. तरी वर 'नमस्कार, सुलभाताई' असंच येतंय."

"अच्छा. म्हणजे चूक आमचीच आहे."

"मग दुरुस्त कधी होईल?"

सरांनी आमच्याकडे बघितलं नाही. चष्मा काढला, पुसला.

"अवघड आहे, काका."

पलीकडून खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "असू दे, असू दे. घाई नाही काही."